चौदा पोत्यांची खोली

वर्षातले चारच महिने बबनरावांच्या घरी गाणं ऐकण्यासारखं असे. मार्गशीर्ष ते फाल्गुन. त्यानंतर घरची माणसं ते हळूहळू खाऊन टाकत.

मी विनोद करत नाही. बबनरावही करत नसत. मार्गासनीला घराच्या मागच्या अंगाला त्यांनी गाणं ऐकायची एक खोली बांधली होती आणि तिच्या चारही कोपऱ्यांत भाताची पोती रचली होती. खर्जाचा आवाज म्हणे कोपऱ्यात जाऊन साठतो, तिथे घुमतो आणि उशिरा परत येतो. पोतं त्याला गिळतं. सुगी झाली की चौदा पोती येत आणि खोली शहाण्यासारखी बोलायला लागे. मग एकेक पोतं गिरणीवर जाई, दोन लेकींकडे तांदूळ जाई, आणि आषाढात उरलेल्या तीन-चार पोत्यांनिशी ती खोली रिकाम्या पिंपासारखी घुमे.

पोतं कुठलं न्यायचं याला नियम होता. एक डाव्या कोपऱ्यातलं नेलं तर पुढचं उजव्या कोपऱ्यातलं. सुमनवहिनी, म्हणजे बबनरावांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगत, "आमच्यात भात शिजवायचा म्हंजी आधी इचारावं लागतं, डावीकडचा का उजवीकडचा." त्या हे तक्रार म्हणून सांगत की नवऱ्याचं कौतुक म्हणून, ते मला कधी ठरवता आलं नाही.

बबनरावांचं दुकान कापूरहोळच्या फाट्यावर होतं. जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देण्याचं. आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी तिथे टेम्पोतून येत. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायची, वार्निश लावून वाळवायचं. मोटार चालू झाली की ते लांब पेचकसाचं टोक तिच्या बेअरिंगवर टेकवत आणि मूठ कानाला लावत. त्या वेळी मोटारीचा मालक काही बोलला तर ते डोळे न उघडता हात वर करत. "मोटार समदं सांगत असती," ते म्हणत, "मधी मानूस बोलतो म्हून ऐकू येत न्हाई."

मी तेव्हा भोरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. बबनराव इंग्रजी-मराठी शब्दकोश मागायला आले, आणि कोश मिळायच्या आत त्यांची नजर वर गेली. "ह्यो पंखा वाचू देतो का कुनाला?" त्यांनी विचारलं. पंखा सतरा वर्षं तसाच घरघरत होता. त्यांनी तो उतरवून नेला आणि चार दिवसांनी परत आणून लावला, तेव्हा वाचनालयात अशी शांतता झाली की दोन वाचक उठून निघून गेले. मला त्या दिवशी कळलं की इतकी वर्षं जो कंटाळा मी पुस्तकांच्या नावावर मांडत होतो, त्यातला निम्मा त्या पंख्याचा होता. कोश त्यांना अॅम्प्लिफायरच्या नकाशावरचे शब्द लावायला हवा होता.

जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत, पेटल्यावर निखाऱ्यासारखे लाल दिसणारे. तसल्या व्हॉल्व्हवर चालणारा अॅम्प्लिफायर ते करत होते. त्याचा जीव एका ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो, आणि तो बाजारातला घेतला तर आवाज बाजारातला येतो असं त्यांचं म्हणणं. "ही न फिरनारी मोटार हाय. बाकी समदं त्येच." केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे, थरावर थर, मध्ये कागद. वेढे मोजताना ते कुणाशी बोलत नसत. एकदा मी दुकानात शिरून नमस्कार केला आणि त्यांनी सगळं उलगडून पुन्हा सुरुवात केली. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "भाऊसाहेब, फुडच्या येळंला दारात उभं ऱ्हावा."

स्पीकरची खोकी फणसाच्या लाकडाची. तबकडी फिरवायचं यंत्र घरातल्या जुन्या जात्याच्या खालच्या तळीवर ठेवलेलं आणि तळीखाली सायकलच्या अर्धवट फुगवलेल्या ट्यूब, म्हणजे रस्त्यावरून खडीचा डंपर गेला तरी सुई हलत नसे. जिथे लोक देवाची तसबीर लावतात तिथे एक कागद चिकटवलेला होता. त्यावर शेतीची वीज कुठल्या दिवशी किती ते किती, हे लिहिलेलं. गावातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडे आणि गाणाऱ्याचा घसा बसल्यासारखा होई. त्यातल्या बहुतेक मोटारी बबनरावांनीच भरलेल्या. "मीच दुरुस्त करतो आन माजंच गानं बिघडवतो," एवढंच ते म्हणत.

त्यांचे ट्रान्सफॉर्मर न्यायला पुण्याहून लोक येऊ लागले. हे लोक चांगले होते, पण ते आवाजाविषयी बोलू लागले की मला खिडकीबाहेर बघावंसं वाटे. त्यांतल्या एका डॉक्टरांनी डोळे मिटून तबकडी ऐकली आणि म्हणाले, "या आवाजात हवा आहे." हवा मार्गासनीत सगळीकडेच होती. मग त्यांचं लक्ष पोत्यांकडे गेलं.

"हे इंद्रायणी का?" त्यांनी विचारलं. "आंबेमोहोर चालेल? की तो खर्जाला हलका पडेल?"

"आंबेमोहोर वासाला बरा," बबनराव गंभीरपणे म्हणाले. "खर्जाला इंद्रायणी."

"खायला बी," आतून सुमनवहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुण्याला जाऊन चौथ्या मजल्यावरच्या खोलीत आठ पोती रचली. मात्र भाताची नाही, टरफल काढलेल्या तांदळाची, कारण टरफल असलेलं भात कुठे मिळतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. श्रावणात त्यांचा फोन आला. सिस्टीम बंद असतानाही खोलीत फार सूक्ष्म, फार नाजूक काहीतरी ऐकू येतंय, सतत, सगळ्या बाजूंनी. त्यांचा आवाज आनंदाने भरून आला होता. बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डाक्टर, पोत्यात सोंडं-किडं झालं असत्याल. उन्हात घाला."

हे सगळं मी लोकांना पुष्कळदा सांगितलं आहे आणि लोक हसले आहेत. पण बबनरावांना तबकड्यांचं फारसं काही नव्हतं. पाहुण्यांनी आणलेली कुठलीही तबकडी ते लावत. त्यांचा गाता गळा नव्हता की आवडता गायक नव्हता. ही सगळी खटपट त्यांनी एका कॅसेटसाठी चालवली होती.

ते मूळचे हिर्डोशीचे. वरंधा घाटाच्या बाजूला, जिथे एसटी दिवसातून मोजकी जाते आणि उरलेलं चालायचं असतं. गावच्या भजनी मंडळात त्यांचे थोरले भाऊ पखवाज वाजवत. सगळं गाव त्यांना दादा म्हणे. तीसेक वर्षांपूर्वी भोरला भजनस्पर्धा होती. मंडळ अगदी शेवटपर्यंत चढत गेलं, आणि अखेरच्या गजरात, लय दुप्पट झाल्यावर, ठेका तुटला. कोण कुठे गेलं कुणाला कळेना. नंबर गेला. दुसऱ्या दिवशी देवळात मंडळी बसली, तेव्हा बबनराव सगळ्यांदेखत म्हणाले, "दादाचा हात घसरला." बाकीच्यांनी माना हलवल्या. दादा काही बोलले नाहीत. पखवाज घरी नेऊन त्यांनी आढ्याला टांगला आणि पुन्हा खाली काढला नाही. पखवाज नाही म्हटल्यावर मंडळही राहिलं नाही.

"व्हय बी म्हनला न्हाई, न्हाई बी म्हनला न्हाई," बबनराव मला सांगत. "कबूल केलं असतं तर म्या इसरलो असतो. मानूस चुकतो. पन ह्यो नुसता बसला."

त्याच सुमारास त्यांचं लग्न झालं. सुमनवहिनी एकुलत्या, म्हणून बबनराव मार्गासनीला सासऱ्यांच्या घरी राहायला आले. सासरे भजनातले नावाजलेले बुवा. त्यांना सगळे आबा म्हणत. हिर्डोशीची जमीन वाटून घ्यायचं कुणी काढलं नाही. दर वर्षी दादा या धाकट्याच्या वाट्याचं भात टेम्पोत घालून पाठवत. आधी टेम्पोवाल्याबरोबर निरोप येई, पुढे मोबाईल आला. "चौदा पोती." "पोचली." तीस वर्षांत दोघा भावांचं बोलणं एवढंच.

त्या गजराची कॅसेट बबनरावांकडे होती. रेडिओ दुरुस्तीचा नाद तेव्हाही होता, त्यांनी लाउडस्पीकरवाल्याच्या मशिनला आपला टेपरेकॉर्डर जोडून ठेवला होता. साध्या टेपवर शेवटी नुसता कल्लोळ ऐकू येई. कल्लोळातही पखवाजाचा खर्ज ओढल्यासारखा, मागे राहिल्यासारखा वाटे. म्हणजे दादाच चुकला. पण वाटे एवढंच. ते त्यांना असं ऐकायचं होतं की पुढे वाद नको.

मग एका वर्षी दादांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, डावा हात गेला. बबनराव दवाखान्यात जाऊन कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले आणि परत आले. त्यानंतर ते घाईने कामाला लागले. खोली त्याच वर्षी बांधली. "दादा हाय तवर ठरलं पायजे," ते म्हणाले. "मागनं ठरवून काय करायचं?" त्या सुगीला खोलीचा गिलावाच चालला होता, पोती ओसरीवर पडून राहिली. दुसऱ्या सुगीपासून मात्र पोती टेम्पोतून थेट त्या खोलीत जाऊ लागली.

अॅम्प्लिफायर मनासारखा व्हायला आणखी दोन सुग्या गेल्या, मग एका पौषात त्यांनी मला बोलावलं. पोती चौदाच्या चौदा जागेवर होती, शेतीची वीज नव्हती. मला मधल्या खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, मला गाण्यातलं काही कळत नाही.

"म्हून तर तुमाला बोलावलं. कळनाऱ्याला काय ऐकायचं ते आधीच ठावं असतं. तुमी दोनच गोष्टी ऐका. टाळ आन पखवाज. मी बोट वर केलं की आधी कोन येतंय त्येवढं सांगा."

कॅसेट सुरू झाली. ते काय होतं हे मला नीट सांगता येणार नाही. मी ज्या मंडळींना कधी पाहिलं नव्हतं ती त्या भिंतीपुढे येऊन बसली. कुणी खोकलं ते डावीकडे. कुणाचा तरी श्वास चढला होता. पखवाज ठसठशीत, एकेक थाप वेगळी. पोत्यांनी मागची घूम खाल्ल्यावर तो ओढल्यासारखा मुळीच वाटत नव्हता. लय वाढली. बबनरावांनी बोट वर केलं.

"टाळ," मी म्हटलं. "टाळ आधी आला."

"परत ऐका."

परत ऐकलं. "टाळच. पखवाज आपल्या जागी आहे, टाळ पुढे गेला."

तिसऱ्यांदा त्यांनी बोट वर केलं नाही. पण मला आता न सांगताच ऐकू येत होतं. एक टाळ पुढे धावला, बाकीचे त्याच्या मागे गेले, आणि पखवाज एकटाच बरोबर वाजत राहिला, थोडा वेळ. मग तोही थांबला.

मला आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं. मी विचारलं, "टाळ कोणाकडे होता?"

बबनरावांनी कॅसेट काढून डबीत ठेवली. "म्होरचा टाळ माजा," ते म्हणाले. "बाकीचं माज्याकडं बगून वाजवीत."

व्हॉल्व्ह थंड होईपर्यंत आम्ही बसून राहिलो. त्यांना वीसेक मिनिटं लागतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हिर्डोशीला नेलं. साक्षीदार पाहिजे म्हणाले. दादा ओसरीवर बाजेवर बसले होते, डावा हात मांडीवर ठेवलेला. नातेवाइकाकडे जावं तसं मी काहीतरी बोललो. बबनराव उभेच राहिले.

"दादा, टाळ माजा फुडं गेला हुता."

"व्हय," दादा म्हणाले.

"तुला ठावं हुतं?"

"पखवाज माज्या मांडीवर हुता. मला न्हाई तर कुनाला ठावं असनार?"

"मग बोलला का न्हाईस?"

दादांनी माझ्याकडे बघितलं, परक्या माणसापुढे हे बोलावं का असं. मग बोलले. "तुजं सासरं म्होरं बसलं हुतं. पोरगा बगाया आलेलं. टाळकरी पोरगा टाळातच चुकला म्हनल्यावर त्या बुवानं पोरगी दिली असती व्हय तुला?"

बबनराव ओसरीच्या कडेला खाली बसले.

"आन येवढं कळाया तुला मशिनं बांदावी लागली?" दादांनी विचारलं. ते थोडं हसले. हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. "भात पोचलं ना?"

"पोचलं."

"किती?"

"चौदा."

"बराबर," दादा म्हणाले.

चहा झाला. आढ्याला पखवाज होता. त्याच्या डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात, तेव्हा त्याला खर्ज येतो. तिथे आता जुना वाळका डाग उरला होता. निघताना बबनरावांनी तिकडे एकदा बघितलं.

मार्गासनीला पोचलो तेव्हा उशीर झाला म्हणून वहिनींनी मला जेवायला ठेवून घेतलं. बबनरावांनी त्यांना हिर्डोशीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, हिशेब सांगावा तसं. वहिनी वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "आबांना तवाच कळलं हुतं."

बबनरावांचा हात थांबला.

"हिर्डोशीच्या देवळातलं कानावर आलं तवा आयला म्हनलं, पोरगं टाळात चुकलं, पन थोरल्यानं आपल्या अंगावर घेतलं. असल्या घरात पोरगी द्यायला हरकत न्हाई. तुमाला बगून न्हाई दिली मला. भावजींना बगून दिली."

"मला कदी सांगितलं न्हाईस."

"तुमी कदी इचारलं?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तुमी मशिनला इचारत हुता."

त्या पातेलं घेऊन आत गेल्या. बबनरावांनी भात कालवला. आम्ही जेवलो. भात चांगला होता, हिर्डोशीचाच होता, पण तो डावीकडचा की उजवीकडचा हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर मी त्या खोलीत एकदाच गेलो. मधल्या खुर्चीत बसून सुमनवहिनी तांदूळ निवडत होत्या. पोती एकाच बाजूची उतरली होती. पुण्याचे डॉक्टर येतात का, मी विचारलं. "येत्यात," त्या म्हणाल्या. "बसत्यात, ऐकत्यात, जात्यात. ह्ये भाईरच असत्यात." ऐकून डॉक्टर काय म्हणतात तेही मी विचारलं. डावा आवाज जरा बसलाय, असं म्हणतात म्हणे.

आता मी साताऱ्याला मुलीकडे असतो. भोर सोडायच्या आधी, एका सोमवारी सकाळी, बबनराव मला एसटी स्टँडवर दिसले. हातात स्टीलचा झाकणाचा डबा होता. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, डब्यात काय.

"कनीक," ते म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. "पखवाज उतरवला?"

"व्हय. दर सोमवारी जातो."

"वाजवतं कोण?"

"कोन वाजिवनार? दादाचा हात न्हाई. मला येत न्हाई."

"मग?"

"लावतो. दादाच्या म्होरं ठिवतो. घटकाभर बसतो. मग वाळायच्या आत खरवडतो आन गाईला घालतो."

"दादा काय म्हणतात?"

हिर्डोशीची गाडी लागली. लोक दाराशी गोळा झाले. बबनराव डबा छातीशी धरून रांगेत शिरले आणि मागे वळून म्हणाले, "मागल्या सोमवारी म्हनला, कनीक घट्ट हाय, अशानं बोलनार न्हाई. आज जरा सैल मळलीया."

ते वर चढले. खिडकीजवळ जागा मिळाली. डबा त्यांनी मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं, आणि गाडी सुटेपर्यंत समोर बघत बसले.